रेकॉर्डिंग फुकट, तिकीट विकत

काही जण म्हणतात की गाणी फुकट वाटली की कलाकार उपाशी मरणार. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडचं उदाहरण बघा. १९६५ साली सुरू झालेल्या या मंडळींचं एकच गाणं तिकडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत पोचलं, तेही १९८७ मध्ये, म्हणजे २२ वर्षांनी. तरी स्टेडियम भरत होती! श्रोत्यांनी कार्यक्रम टेप करायला त्यांची हरकत नव्हती. उलट १९८४ पासून साउंडबोर्डमागे, म्हणजे आवाज जुळवणाऱ्या यंत्रामागे, टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच ठेवली. तिथं उंच काठ्यांवर माइकचं रान उगवलेलं असायचं. अट एकच, कॅसेटींची अदलाबदल करा, विकू नका. दोन रात्रींचे कार्यक्रम कधी सारखे नसत, त्यामुळे टेप ऐकलेला माणूस पुढचं तिकीट काढायचाच.

पण हे सगळ्यांना जमेल असं नाही. बीटल्सनी १९६६ मध्ये दौरे थांबवले आणि पुढे स्टुडिओतल्या कामावरच भागवलं. शिवाय दौरा म्हणजे शरीर झिजवणं. १९९५ मध्ये ग्रेटफुल डेडचा गिटारवादक-गायक जेरी गार्सिया वारला आणि बँडच्या नावाने होणारे दौरे थांबले.

आणि गीतकाराचं काय? तो कुठे दौऱ्यावर जाणार? आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने चित्रपटातल्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने राखला, तो याचसाठी.

माझा मावसभाऊ तबला वाजवतो. पूर्वी कार्यक्रम संपला की दाराशी टेबल मांडून सीडी विकायचा. आता लोक कौतुकाने हातात घेतात आणि विचारतात, "ही लावायची कशात?"