जुन्या जीपचे पेट्रोल नेमके कुठे अडते? आपापले अनुभव लिहावेत

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता):

परवा कुंभार्ली घाट चढताना एका वळणावर बॉनेट उघडून ठेवलेली जुनी सीजे-३बी जीप उभी दिसली आणि तिच्या पेट्रोल पंपावर गुंडाळलेला ओला फडका पाहून वडिलांच्या जीपचे दिवस डोळ्यांसमोर उभे राहिले. तेच २.२ लिटरचे हरिकेन इंजिन, तीच पुढच्या सीटखालची टाकी आणि ऐन चढावर गाडी झटके खात बंद पडण्याची तीच खोड. वडील मेकॅनिक नव्हते, कलमांच्या बागा पाहणारे शेतकरी होते; पण त्यांचा एक नियम होता आणि तो मी आजही पाळतो. पेट्रोल जिथून निघते तिथून तपासायला सुरुवात करायची आणि कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावायचा. गाडी कालपर्यंत नीट चालत होती, तर स्क्रू आपणहून फिरलेला नसतो. मधे काहीतरी अडलेले, फाटलेले किंवा तापलेले असते. जुनी जीप, जिप्सी किंवा तत्सम गाडी बाळगणाऱ्यांनी असे अनुभव येथे लिहावेत, म्हणजे ही माहिती एका जागी राहील.

रानवाटा:

टाकीचे झाकण. दहा-पंधरा किलोमीटर उत्तम चालून गाडी बंद पडते, थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते आणि तितक्याच अंतरावर पुन्हा बंद पडते, असे असेल तर इतर काहीही उघडण्याआधी झाकण सैल करून पाहावे. पेट्रोल खाली जाते तशी टाकीत हवा आत यावी लागते. ती वाट मातीने बुजली की टाकीत निर्वात तयार होतो आणि पंप कितीही चांगला असला तरी त्याला पेट्रोल ओढता येत नाही. झाकण फिरवताच ‘फुस्स’ असा आवाज आला की रोग सापडला असे समजावे.

निवृत्त फिटर:

वाशिष्ठीकाठ, तुमच्या वडिलांचा नियम सोन्यासारखा आहे. माझे सारे आयुष्य पेट्रोल गाड्यांच्या गॅरेजमध्ये गेले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कॅमशाफ्टवर चालणारा हा पंप, ज्याला आमच्या वेळचे सगळे कंपनीच्या नावावरून एसी पंप म्हणत, टाकीकडून पेट्रोल ओढतो आणि कार्बोरेटरकडे ढकलतो. ढकलण्याच्या बाजूची रबरी नळी फुटली तर पेट्रोल गळते आणि कोणालाही दिसते. ओढण्याच्या बाजूच्या नळीला बारीक चीर गेली तर मात्र बाहेर फारसा थेंबही दिसत नाही. ती नळी हवा ओढते, फिल्टरमध्ये बुडबुडे दिसतात आणि गाडी नेमकी चढावर मार खाते. त्यामुळे ‘गळत तर कुठेच नाही’ असे कोणी म्हणाले की मी टाकीपासून पंपापर्यंतची नळी आधी बदलत असे.

ओल्या फडक्याचे कारणही ऐका. घाटात गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रखडते, बॉनेटखाली भट्टी पेटते आणि वारा लागत नाही. पंप ओढतो त्या बाजूला दाब कमी असतो, त्यामुळे तिथले पेट्रोल एरवीपेक्षा कमी तापमानाला उकळते आणि पंपाच्या हाती पेट्रोलऐवजी वाफ येते. फडका ओला करून पंपावर ठेवला की वाफ पुन्हा द्रव होते. हा तात्पुरता इलाज झाला; कायमचा इलाज म्हणजे नळी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर नेणे आणि पंपाखालचा व कार्बोरेटरखालचा उष्णतारोधक जाड गॅस्केट शाबूत ठेवणे. तो कोणीतरी काढून पातळ कागदी गॅस्केट बसवलेला मी पुष्कळ गाड्यांत पाहिला आहे.

आणि एक गोष्ट कृपया कोणीही विसरू नये. डिपस्टिक (इंजिनचे तेल मोजायची पट्टी) काढून तेलाचा वास घ्यावा. पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला लवचीक पडदा, फाटला की पेट्रोल थेट इंजिनच्या तेलात उतरते, तेलाची पातळी वाढलेली दिसते आणि बेअरिंगांचा सत्यानाश होतो. अशी गाडी ढकलत न्यावी, पण चालवू नये.

घाटवाट:

फिटरकाका, डिपस्टिकचा वास घेण्याचा सल्ला आजच नवऱ्याला वाचून दाखवला. आमची कार्बोरेटरवाली जिप्सी आहे, पहिल्या पिढीची, ९७० सीसीची. तिची गोष्ट अशी की ॲक्सिलरेटर दाबलेला असला की गाडी झक्क चालायची आणि पाय काढला की सिग्नलला बंद पडायची. एका गॅरेजने आयडलिंग (पाय काढल्यावरचा इंजिनाचा वेग) वाढवून दिले, दुसऱ्याने कार्बोरेटर धुऊन दिला, तिसऱ्याने तो बदलायलाच सांगितला. शेवटी साताऱ्यातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवायला सांगितली आणि कार्बोरेटरजवळ कान नेला. चावी फिरताच आयडलिंगच्या सोलेनॉइडमधून (विजेवर उघडणाऱ्या झडपेतून) ‘टक्’ असा आवाज यायला हवा होता, तो येत नव्हता. कनेक्टरमधली वायर हिरवी पडून तुटली होती. त्यांनी ती जोडली, टक् वाजले आणि गाडी शांतपणे आयडलिंगला उभी राहिली. त्यांनी पैसे घेतले नाहीत, फक्त चहा घेतला.

माळरान:

घाटवाट ताई, अगदी हेच माझ्या चुलतभावाच्या गाडीचे झाले होते. असे मिस्त्री आता दुर्मीळ होत आहेत, त्यांचा पत्ता कोणाला सांगू नका, गर्दी होईल.

खारदुंग्ला परत:

मी सैन्याच्या ईएमईमधून, म्हणजे वाहने व यंत्रे दुरुस्त करणाऱ्या शाखेतून, निवृत्त झालो. लडाखमध्ये कार्बोरेटरची गाडी हा वेगळाच अभ्यास आहे. ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंग्लावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास उरतो, पण कार्बोरेटरच्या जेटला, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याला, ते कळत नाही. हवा विरळ होते त्या प्रमाणात तो पेट्रोल कमी करत नाही. मग मिश्रण श्रीमंत होते, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, प्लग काजळीने भरतात आणि पुण्यात सुसाट धावणारी गाडी तिथे धापा टाकते. अशा वेळी गाडीत बिघाड शोधत बसू नये. एअर फिल्टर स्वच्छ आहे आणि चोक (हवा अडवणारी झडप) पूर्ण उघडा आहे याची खात्री करावी आणि मुक्काम मोठा असेल तर मुख्य जेट एक नंबर लहान घालावा. खाली उतरल्यावर मात्र मूळ जेट आठवणीने परत बसवावा, नाहीतर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते आणि ठोकायला लागते.

देवराई:

चढ-उताराच्या स्पर्धांना जाणाऱ्यांना एक वेगळाच प्रश्न भेडसावतो. सपाटीवर गाडी निर्दोष, पण ओढ्याच्या उभ्या काठावर नाक वर करताच ती गुदमरून बंद पडते. येथे दोष कचऱ्याचा नसून कलाचा असतो. कार्बोरेटरचे फ्लोट चेंबर (तरंगत्या फ्लोटने पेट्रोलची पातळी राखणारी वाटी) गाडीच्या पुढच्या बाजूला असेल तर चढावर त्यातले पेट्रोल जेटच्या तोंडापेक्षा उंच होते आणि इंजिनात ओव्हरफ्लो होते. चेंबर मागे असेल तर चढावर जेट कोरडा पडतो. उतारावर याच्या उलट घडते. फ्लोटची पातळी पुस्तकात दिलेल्या मापाच्या खालच्या मर्यादेला ठेवली, निडल (चेंबरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी सुई) व तिची सीट नवी घातली आणि फ्लोटला भोक पडून तो आतून जड झालेला नाही हे कानाशी हलवून तपासले, की बराच फरक पडतो.

पितळी भोक:

जेट साफ करायला तार, सुई, टाचणी यांपैकी काहीही वापरू नये, ही हात जोडून विनंती. जेट पितळेचा असतो आणि त्यावरचा आकडा बहुधा भोकाचा व्यास असतो. सोलेक्स जातीच्या कार्बोरेटरच्या जेटवर ११० लिहिले असेल तर भोक १.१० मिलिमीटरचे असते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा जिथे हिशेब आहे तिथे पोलादी तार फिरवली की तो जेट कायमचा बिघडला. क्लीनरमध्ये भिजवावा, हवेच्या दाबाने फुंकावा आणि उजेडाकडे धरून भोक गोल दिसते का ते पाहावे.

वाशिष्ठीकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. फिटरकाका, ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलाबद्दलही आपण लिहावे. आमच्याकडे आता दुसरे मिळत नाही आणि जीप पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभी असते.

निवृत्त फिटर:

लिहितो. इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटवर मिश्रण थोडे पातळ होते. प्लगचे टोक पांढरट दिसू लागले आणि दाबताच गाडी अडखळू लागली तर जेट एक नंबर वाढवून पाहावा. सहा-सात टक्के ऊर्जा कमी असल्यामुळे ॲव्हरेज थोडे उतरणारच, त्यासाठी कोणाशी भांडू नये. मोठा त्रास मात्र वेगळा आहे. इथेनॉल टाकीतला जुना राळेसारखा थर आणि गंज सोडवते आणि तो सगळा माल फिल्टरमध्ये येतो, म्हणून सुरुवातीच्या काही टाक्यांनंतर फिल्टर लवकर बदलावा. शिवाय ते पाणी धरून ठेवते. कोकणच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने उभी राहिली की पाणी इथेनॉलसह तळाशी बसते आणि टाकीतून निघणारी नळी नेमकी तळातूनच ओढते. तेव्हा उभी करताना एकतर टाकी काठोकाठ भरावी, नाहीतर टाकी व फ्लोट चेंबर दोन्ही रिकामे करावेत. श्रावणानंतर पहिल्यांदा सुरू करण्याआधी तळातले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढावे आणि थोडा वेळ स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर ते इंजिनाला दाखवूसुद्धा नये.

गोदाकाठी:

जुन्या हरिकेनसाठी सोलेक्सचे दुरुस्तीचे किट सध्या कुठे मिळते? नाशकात विचारून थकलो.

पितळी भोक:

पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांत फिरावे लागते. जुना कार्बोरेटर पिशवीत घालून सोबत न्यावा, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन कार्बोरेटरांचे डायफ्राम वेगळे असतात. ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम बोटांत ताणून पाहावा. तो कडक असेल तर किट कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

गोदाकाठी:

आभारी आहे, दादा. पुढच्या आठवड्यात पुण्याला येणे आहे, तेव्हा जाईन.

माळरान:

एक भर घालतो. गाडी तापल्यावरच बंद पडत असेल तर पेट्रोलाला दोष देण्याआधी त्याच क्षणी एक प्लग काढून ठिणगी पाहावी. तापल्यावर दगा देणारी कॉइल आणि खराब कंडेन्सर (दोन्ही ठिणगीच्या यंत्रणेतले भाग) हुबेहूब वाफ धरल्यासारखी लक्षणे दाखवतात, आणि गाडी थंड झाल्यावर दोन्ही निर्दोष भासतात. मात्र आसपास पेट्रोल सांडलेले असेल तर ठिणगी पाहण्याच्या भानगडीत पडू नये.

निवृत्त फिटर:

माळरान यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर. नळ्यांबद्दल सांगायचे राहिले, म्हणून एवढे लिहून थांबतो. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक प्लास्टिकची नळी पेट्रोलाला वापरू नये, ती काही महिन्यांत पिवळी, कडक होऊन क्लिपपाशी तडकते. इंधनासाठीचीच रबरी नळी घ्यावी आणि तिच्यावर एसएई जे३० आर९ असे मानक छापलेले असेल तर उत्तम, कारण तिचा आतला थर इथेनॉलला टिकतो. क्लिप अशी घ्यावी की तिच्या पट्टीला आरपार खाचा नसतील. खाचांच्या कडा नळीत रुततात. वाशिष्ठीकाठ, तुमच्या जीपला टाकीपासून पंपापर्यंत किती लांबीची लागेल ते मोजून कळवा, कमीत कमी किती जोड येतील ते मी सांगतो.