मदत हवी आहे: परदेशी सरकारी अनुदान, एफसीआरए आणि कुरखेड्याकडचा आमचा दवाखाना

नमस्कार मंडळी,

कुरखेडा-कोरची भागात आमच्या ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे, बाजूला आश्रमशाळा. पेशंट बहुतेक गोंड आणि हलबा समाजाचे, सिकलसेलचे पुष्कळ. ऑपरेशन थिएटर म्हणायला आहे, पण वर टिनाचे पत्रे. जून लागला की आतून प्लास्टिक ताणतो. लाइट गेली की जनरेटर सुरू होईस्तोवर सिस्टर मोबाइलचा टॉर्च धरून उभ्या. बाळंतीण अडली तर ब्रह्मपुरी नाहीतर गडचिरोली, आणि मधल्या नाल्याला पूर असला तर मग देवाचं नाव.

आमच्या अध्यक्षांचा पुतण्या न्यू जर्सीत असतो. त्यानं मित्रांना घेऊन तिकडं एक ना-नफा संस्था काढली आहे, करसवलतीचा दर्जाही मिळाला आहे. त्याचं म्हणणं, अमेरिकन सरकार परदेशातल्या शाळा-दवाखान्यांसाठी वेगळं अनुदान देतं, 'अमेरिकन स्कूल्स अँड हॉस्पिटल्स अब्रॉड' नावाचं, तिथं अर्ज टाकू. मीटिंगमध्ये हे निघालं तेव्हापासून ट्रस्टी मंडळी नव्या इमारतीवर कोणाच्या नावाची पाटी लावायची इथपर्यंत पोचली आहेत. मी चिटणीस. कागद गोळा करणं माझ्याकडं, त्यामुळं उत्साह जरा बेताचा.

मला समजलं ते असं. ही योजना अमेरिकेच्या १९६१ च्या परदेशी मदत कायद्याच्या कलम २१४ खालची. अर्ज आपण करायचाच नाही, तिकडच्या संस्थेनं करायचा, आणि ती संस्था इथल्या दवाखान्याची संस्थापक किंवा पाठीराखी असल्याचं दाखवावं लागतं. पैसा बांधकाम आणि यंत्रसामग्रीसाठी, पगाराला नाही. सरकारच्या ताब्यातली संस्था चालत नाही. आमची आश्रमशाळा अनुदानित, म्हणून ती यातून बाहेरच ठेवलेली बरी असं मला वाटतं. पण ही योजना ज्या यूएसएडकडं (अमेरिकेची परदेशी मदत देणारी सरकारी संस्था) होती ती तर २०२५ मध्ये गुंडाळली ना?

आमच्याकडं १२ए, ८०जी (दोन्ही प्राप्तिकराच्या सवलती) आणि दर्पण या सरकारी पोर्टलवरचा संस्थेचा नंबर आहे. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायला लागणारी केंद्राची नोंदणी, नाही. परिशिष्ट-१ वर (धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांची नोंद) अजून दोन वारलेल्या विश्वस्तांची नावं आहेत, ती बदलायचा चेंज रिपोर्ट तारखेवर आहे. जागा सरकारनं ऐंशीच्या दशकात दिलेली, पण सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल'. पुतण्या आमच्याकडं विश्वस्त आहे, आणि अध्यक्षांचं नाव तिकडच्या बोर्डावर मानानं घातलेलं आहे.

तर अर्जाच्या मागं लागावं का? एफसीआरएची नोंदणी मागावी की पूर्वपरवानगी? वर्ध्याकडची एक ओळखीची संस्था म्हणते, पैसे आमच्या एफसीआरए खात्यात घ्या, आम्ही तुम्हाला वळते करतो. पुतण्या म्हणतो पैसे राहू द्या, मॉनिटर आणि भूल देण्याचं मशीनच पाठवतो, म्हणजे परवानगीची भानगड नको. यातलं काय चालतं? कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

प्रतिसाद – हिशेबनीस (नागपूर)

भाऊ, वाईट बातमी आधी. जानेवारी २०२५ मध्येच अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली, मार्चमध्ये यूएसएडचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं जाहीर झालं आणि १ जुलैपासून उरलंसुरलं काम त्यांच्या परराष्ट्र खात्याकडं गेलं. कलम कायद्यात असणं वेगळं आणि त्याखाली अर्ज मागवणं वेगळं. पुतण्याला तिकडच्या सरकारी अनुदानांच्या पोर्टलवर लक्ष ठेवायला सांगा. त्या भरवशावर इथं वीटही आणू नका. शिवाय नव्या संस्थेला दवाखान्याशी जुनं नातं दाखवणं जड जाईल.

आता जे तुमच्या हातात आहे ते. वर्ध्याचा मार्ग विसरा. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए असलेली संस्था परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, त्या दुसऱ्या संस्थेकडं एफसीआरए असला तरीही. तुम्ही तर अडकालच, ओळखीचे लोकही गोत्यात येतील. मशीन पाठवण्यानंही सुटका नाही. कायद्यात वस्तूसुद्धा परदेशी देणगीच. परवानगी आधी, मशीन नंतर.

नोंदणीला संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेला हवा. तुमचा दवाखाना जुना आहे, ऑडिट नीट असेल तर नोंदणीचा अर्ज, एफसी-३ए, भरा. पूर्वपरवानगी (एफसी-३बी) एका ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रकमेसाठी असते, त्याला देणगीदाराचं लेखी पत्र लागतं. आज तुमच्याकडं रक्कमच नाही तर पत्र कशाचं आणणार? एक कोटीच्या वर गेलं तर हप्ते पडू शकतात, आणि आधीच्या हप्त्यातले ७५ टक्के वापरल्याचा पुरावा दिल्यावरच पुढचा. परदेशी पैसा जिथं येतो ते पहिलं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच, पण त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. वापराचं खातं गावाकडच्या बँकेत चालतं. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत.

पूर्वपरवानगीकडं गेलात तर खरा अडसर म्हणजे अध्यक्षांचं तिकडच्या बोर्डावरचं नाव. पूर्वपरवानगीच्या नियमात देणगी घेणाऱ्या संस्थेचा मुख्य पदाधिकारी देणाऱ्या संस्थेत असता कामा नये, आणि इथल्या कार्यकारिणीतले किमान ७५ टक्के लोक तिकडचे सदस्य किंवा कर्मचारी नसावेत. पुतण्या एकटा विश्वस्त म्हणून चालून जाईल. अध्यक्षांना मात्र तेव्हा एक बोर्ड सोडावं लागेल. आणि परिशिष्ट-१ दुरुस्त झाल्याशिवाय काहीच भरू नका. अर्जात एक पदाधिकारी आणि कागदावर दुसरा, असं दिसलं की शंका येणारच.

प्रतिसाद – मोहफूल

जागेबद्दल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच धरलं. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्यानं वाटप केलेल्या जमिनी नियमित करून घ्यायला वाट ठेवली आहे, पण प्रस्ताव राज्य सरकारकडून केंद्राकडं जायचा. वाटपाचा मूळ आदेश तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून नक्कल काढून आजच हाताशी ठेवा. तोवर कोणाकडंही इमारत मागू नका, यंत्रं मागा. भिंत उभी केली की पंचनामा होतो, मशीनचा होत नाही.

परदेशी सरकारचाच पैसा हवा असेल तर जपानकडं बघा. त्यांची तळागाळातल्या प्रकल्पांसाठी योजना आहे, आपल्याला मुंबईचा वाणिज्य दूतावास. तिथं इथली संस्था स्वतः अर्ज करते, मध्ये पुतण्या लागत नाही. साधारण १ कोटी येनपर्यंत, म्हणजे पन्नास-साठ लाख. दवाखान्याची उपकरणं बसतात, पगार आणि रोजचा खर्च नाही. एफसीआरए इथंही लागतोच. जर्मन सरकारही ७५ टक्क्यांपर्यंत देतं, पण जर्मन संस्थेला, म्हणजे पुन्हा तिकडचा पाठीराखा शोधा.

आणि भाऊ, आपल्याच जिल्ह्यातून लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस जाऊन राहिले. कंपन्यांचा सामाजिक कामाचा (सीएसआर) पैसा घ्यायला संस्थेनं भरायचा फॉर्म, सीएसआर-१, भरला का? १२ए, ८०जी असल्यावर त्याला काय लागते?

धागाकर्ता

दोघांचे आभार. सीएसआर-१ भरलेला नाही, या आठवड्यात सीएकडं जातो. आश्रमशाळेतल्या सरांना आदेशाची नक्कल काढायला तहसीलला पाठवतो.

पुतण्याच्या संस्थेतल्या काही जणांकडं अजून भारतीय पासपोर्ट आहे. त्यांनी स्वतःच्या बचतीतून थेट आमच्या साध्या खात्यात पाठवलं तर?

हिशेबनीस (नागपूर)

चालतं. भारतीय नागरिकाचा स्वतःचा पैसा, बँकेमार्फत आलेला, परदेशी देणगी धरत नाहीत. फक्त तो तिकडच्या संस्थेच्या खात्यातून यायला नको. ओसीआय कार्डवाले (मूळचे भारतीय, पण आता परदेशी नागरिक) मात्र परदेशी स्रोतच. प्रत्येकाकडून पासपोर्टची प्रत घ्या आणि पावतीच्या फाइलला लावा. पैसे आले की पहिल्यांदा ओटीच्या बॅटरी बॅकअपचं बघा, त्याला सातबारा लागत नाही.

धागाकर्ता

तेच करतो. बोर्ड सोडा असं अध्यक्षांना तोंडावर सांगायची हिंमत इथं कोणातच नाही. तुम्ही सांगितलेला ७५ टक्क्यांचा आणि मुख्य पदाधिकाऱ्याचा नियम लेटरहेडवर लिहून द्याल का? नागपूरच्या सीएचा कागद ते मानतात.