गोठलेला पाऊस की गोठता पाऊस?

फोंड्याहून: धाकटी बहीण मॉन्ट्रियलला असते. परवा तिच्याकडे एकाच वादळात आधी हिम, मग बर्फाचे बारीक खडे आणि शेवटी पाऊस पडला. आईला सांगताना मी सरसकट 'गारा' म्हणून मोकळी झाले. आई म्हणाली, "गारा वळवाच्या पावसात पडतात गो, थंडीत कशा पडतील?" नेमके शब्द कोणते?

डिचोलीहून: आईंचं खरं आहे. गार उंच गडगडाटी ढगात वर-खाली हेलकावे खात, थरावर थर चढून वाढते. हिवाळी वादळात तसं नसतं. वरून येणारं हिम मधल्या उबदार थरात वितळून थेंब होतं. जमिनीलगतची गार हवा जाड थराची असली तर थेंब वाटेतच गोठून खडे होतात. थर पातळ असला तर थेंब शून्याखाली जाऊनही पाणीच राहतो आणि टेकेल तिथे गोठतो. म्हणून पहिला 'गोठलेला पाऊस', दुसरा 'गोठता पाऊस'. इंग्रजीतला 'स्लीट' हा शब्द मात्र तसाच उचलू नये. ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ हिम मिसळलेला पाऊस, अमेरिकेत गोठलेले खडे.

पेडण्याहून: 'थिजता' का नको? जानेवारीत सकाळी आमच्याकडे बाटलीतलं खोबरेल थिजतं.

फोंड्याहून: थिजणं तेला-तुपाचं. खोबरेल थिजलं तरी मऊच, बोटाने काढता येतं, उन्हात ठेवलं की पातळ. पाणी गोठतं ते टणक होतं. 'गोठता' मला पटला, 'वाहता झरा' म्हणतो तसा. बहिणीने फोटो पाठवलाय: काटकुळ्या फांदीवर करंगळीएवढा जाड बर्फ, आत कळी जशीच्या तशी दिसते.

डिचोलीहून: त्या बर्फाला वजन फार. जानेवारी १९९८ मध्ये त्याच भागात असा पाऊस पाच-सहा दिवस चालला आणि विजेचे पोलादी मनोरे वाकून कोसळले. बर्फाच्या त्या लेपाला मी 'कल्हई' म्हणेन. भांड्यावर बसते तशीच ती सगळ्या अंगावर बसते.

फोंड्याहून: कल्हई! हा शब्द मी ठेवून घेते. आज आईला 'गोठता पाऊस' म्हणून सांगितलं. तिने लगेच विचारलं, "म्हणजे दारातल्या पायरीवरपण गोठत असेल ना? तिला सांग, सकाळी घाईने बाहेर पडू नको."