पी. डी. जेम्सबाई आणि २०२१ चं इंग्लंड : वाचलंय त्यांनी लिहा

निशाचर
दक्षिण कोरियाचा जननदर २०२३ मध्ये ०.७२ वर आल्याची बातमी परत फिरतेय, त्यावरून ‘द चिल्ड्रन ऑफ मेन’ (१९९२) आठवलं. डॅलग्लिश या पोलिस अधिकाऱ्याच्या रहस्यकथा लिहिणाऱ्या पी. डी. जेम्सबाईंचंच. जगात मुलं जन्मणंच थांबलंय, अशा २०२१ च्या इंग्लंडची गोष्ट. डॅलग्लिशसाठी हातात घेणारे बरेचजण अर्ध्यात सोडतात, कारण तपास सुरूच होत नाही. वंध्यत्व का आलं ते शेवटपर्यंत कळत नाही, त्याची वाट बघू नका. पहिल्या, ‘ओमेगा’ भागात नायक थिओची डायरी आणि तृतीयपुरुषी प्रकरणं मिसळून येतात. डायरी सावकाश वाचा, मुलीच्या अपघाताचं तिथेच आहे. दुसरा भाग ‘अल्फा’ मात्र भरभर पळतो.

तिखटमीठ
सिनेमा (२००६) आधी पाहिला असेल तर तो डोक्यातून काढा. तिथे बायका वंध्य, पुस्तकात दोष पुरुषांत. तिथे २०२७, इथे २०२१. सिनेमातली ‘की’ नावाची गरोदर मुलगी पुस्तकात नाहीच. बाळसुद्धा तिकडे मुलगी, इकडे मुलगा.

आजोबा_ऑनलाईन
अहो स्पॉयलर!!

तिखटमीठ
सॉरी काका 🙏 पण पुस्तक १९९२ चं आहे हो

बारामतीकर
बाई गृहखात्यात नोकरीला होत्या, गुन्हेविषयक धोरण बघणाऱ्या विभागातही. ते जागोजागी दिसतं. आयल ऑफ मॅनवर गुन्हेगार नेऊन सोडायचे. गरीब देशांतून तरुण आणायचे, घाणीची कामं करून घ्यायची आणि साठीला परत धाडायचं. सगळं फायलीवरच्या टिपणीसारखं थंड. साउथवोल्डच्या किनाऱ्यावर म्हाताऱ्यांना बुडवायचा ‘क्वाएटस’ तर बँड लावून. यंत्रं-बिंत्रं जवळपास नाहीत, भविष्य आहे ते सरकारी कारभारात.

मृगजळ
+१. शिवाय पुरावे पेरायची सवय सुटलेली नाही (पुढे स्पॉयलर, काकांनी वाचू नये). बाळाची आई ज्युलियन, तिच्या हातात व्यंग; बाप ल्यूक, त्याला लहानपणी फिट्स. मूल होऊ शकतं का याची सरकारी तपासणी फक्त धडधाकटांची, म्हणून दोघंही त्यातून सुटलेले. हात पहिल्या भेटीतच दाखवलाय, पण वाचणारा तो स्वभावचित्रण समजून पुढे जातो. रहस्यकथेत खुनाचं हत्यार असंच टेबलावर पडलेलं असतं.

चकलीभाजणी
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. बाहुल्या बाबागाडीत घालून फिरवणाऱ्या बायका आणि मांजराच्या पिल्लांचे बाप्तिस्मे, ती पानं गाळू नका. क्वाएटसपेक्षा तीच जास्त बोचतात. बाकी नंतर.

गणिती
शेवटचा जन्मलेला माणूस १ जानेवारी २०२१ ला मरतो, वय २५ वर्षं २ महिने १२ दिवस. म्हणजे जन्म २० ऑक्टोबर १९९५. ओमेगा वर्ष, म्हणजे शेवटची मुलं जन्मली ते, १९९५; हिशोब जुळतो. बाईंनी कॅलेंडर बघितलंय.

आजोबा_ऑनलाईन
स्मार्टफोन तर नाहीच ना त्यात? मग कसलं २०२१!

बारामतीकर
१९९२ मध्ये लिहिताना कुठून आणणार काका. उलट ते नाही म्हणून सरकारपासून लपतछपत पळण्याचा भाग चालतो. आज अर्ध्या तासात पकडले असते. माझी तक्रार दुसरी. झान हुकूमशहा, पण थिओचा नात्यातला भाऊच. अख्ख्या इंग्लंडचा मालक घरातला निघाला की पेच फार सोपा होतो.

मृगजळ
असहमत. बंद घर, मोजके संशयित आणि त्यातलाच एक नात्यातला. देशाएवढं घर घेतलंय इतकंच.

चकलीभाजणी
आले. अवांतर: डॅलग्लिश कुठून सुरू करू? क्रमाने की कसंही?

निशाचर
‘कव्हर हर फेस’ (१९६२) पहिलं, पण जरा कच्चं आहे. ‘श्राउड फॉर अ नाइटिंगेल’ घ्या, नर्सिंग शाळेतलं. बाईंनी रुग्णालय प्रशासनात काम केलेलं, त्यामुळे वॉर्ड एकदम खरे.

आजोबा_ऑनलाईन
त्यातला खुनी सांगू नका हं कुणी.