दार्जिलिंग: सासूबाईंचे गुडघे आणि टायगर हिल (मदत हवी आहे)

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार रात्री दार्जिलिंगला जातोय. आम्ही दोघं, सात वर्षांची लेक आणि सासू-सासरे. बागडोगऱ्याची विमान तिकिटं काढलीत, तारखा बदलता येणार नाहीत.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा तास आरामात चालतात, पण उतार दिसला की आधी कठडा शोधतात. चौरस्त्यावर (दार्जिलिंगच्या मधल्या चौकात) गाड्या सोडत नाहीत, म्हणून खालच्या रस्त्यावरच्या तीन हॉटेलांना फोन केले. तिघांचं एकच उत्तर, ‘बस पाँच मिनट का वॉक.’ त्या पाच मिनिटांत पायऱ्या किती, ते कुणी सांगेना!

टॉय ट्रेनची घूमपर्यंतची दोन तासांची जॉय राइड बुक केलीय, त्यामुळे न्यू जलपैगुडीपासूनचा पूर्ण प्रवास सुचवू नका. प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद, हेही माहीत आहे.

अडलंय टायगर हिलवर, म्हणजे सूर्योदय बघायला जातात त्या टेकडीवर. पहाटे साडेतीनला निघायची तयारी आहे, गारठ्याचे कपडेही आहेत. पण गर्दीत जीप खालीच थांबवतात म्हणे. ज्येष्ठांना घेऊन अलीकडे कुणी गेलं असेल तर सांगा: जीप सोडते तिथून प्रत्यक्ष किती चढावं लागतं? आणि ते सोडून कांचनगंगा बसल्या जागी नीट दिसेल असं गाडी थेट जाणारं ठिकाण कोणतं?