माथेरानच्या जुन्या पक्षीनोंदी आणि आजची मोजणी: तुलना कशी करावी?

प्रश्न : नेरळवाट

नमस्कार मंडळी. माथेरानच्या १९९०च्या दशकातल्या पक्षीनोंदींच्या तीन वह्या हाती आल्या आहेत. तारीख, ठिकाण आणि पक्ष्याचं नाव एवढंच आहे. वेळ कुठेकुठे, संख्या क्वचित. नेरळपासून माथ्यापर्यंत तीच वाट धरून पुन्हा मोजणी करायची आहे. मुंबईचे सहा जण आहोत, मोकळे फक्त शनिवार-रविवार. तापमानवाढीमुळे पक्षी वर सरकलेत का, हे यातून सांगता येईल का?

उत्तर : कड्यावरचा कस्तूर

आधी वह्या. वहीत पक्षी नाही म्हणजे तो तिथे नव्हता, असं धरू नका. एका फेरीत तो सापडण्याची शक्यता ४० टक्के असेल, तर तीन फेऱ्यांनंतरही २२ टक्के वेळा तो असूनही निसटतो. पाच फेऱ्यांनंतर ८ टक्के. म्हणून तारखांवरून जुन्या फेऱ्या मोजा आणि तुलना तेवढ्याच फेऱ्यांशी करा. मर्लिनसारख्या ॲपच्या भरवशावर आवाज ओळखणार असाल तर त्या नोंदी वेगळ्या रकान्यात ठेवा. नाहीतर पक्षी नवा आला की फक्त आज ओळखता आला, हे कधीच कळणार नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो चढण्याच्या क्रमात. पायथ्यापासून मोजत वर गेलात की खालचे बिंदू, म्हणजे थांबून मोजण्याच्या ठरलेल्या जागा, साडेसहाला होतात आणि माथ्यावरचे साडेदहाला. तोवर हाका मंदावलेल्या असतात. माथ्यावर पक्षी कमी भरतात ते घड्याळामुळे, आणि प्रत्येक फेरीत हीच चूक त्याच दिशेने होत राहते. शनिवारी रात्री तिघांनी वर मुक्काम करा, तिघांनी नेरळला. दोन्ही तुकड्यांनी उजाडताच सुरुवात करायची आणि पुढच्या वेळी जागा बदलायच्या.

नेरळ सुमारे ४० मीटरवर, माथा ८०० च्या आसपास. १०० मीटरला साधारण ०.६५ अंश धरले तर पायथा आणि माथ्यात ५ अंशांचा फरक पडतो. १०० मीटर उंचीचा एक, असे आठ पट्टे करा. पट्ट्यात चार बिंदू, दोन बिंदूंत किमान २०० मीटर अंतर. बिंदूवर पोचल्यावर दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, मग १० मिनिटं मोजायचं. ५० मीटरच्या आतले, बाहेरचे आणि नुसते वरून उडत गेलेले, असे तीन रकाने. हाका वाजवून पक्षी बोलवायचे नाहीत. एका तुकडीचे सकाळी आठच बिंदू नीट होतात, म्हणजे ३२ बिंदूंच्या एका फेरीला दोन रविवार आणि तीन फेऱ्यांना सहा. मोबाइलवर दिसणारी उंची बरीच चुकते. १:५०,००० च्या टोपोशीटवरच्या, म्हणजे भूरचनेच्या नकाशावरच्या, २० मीटरच्या समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषांवरून उंची काढा.

उत्तर : सडा-पठार

वरच्या उत्तरात एक मोठी अडचण राहिली. या डोंगराला पायथ्याशी भातखाचरं आणि सेकंड होमचे प्लॉट, वर सदाहरित झाडी. उंची आणि जमिनीचा वापर दोन्ही एकत्रच बदलतात. खालचा पक्षी गेला तर तो उकाड्याने गेला की प्लॉटिंगने, हे सरळ चढणाऱ्या एका रांगेतून सुटणार नाही. त्यामुळे प्रत्येक पट्ट्यातल्या चार बिंदूंपैकी दोन शाबूत झाडीत आणि दोन मोडलेल्या जागेत घ्या. प्रत्येक बिंदूभोवती १०० मीटरमधलं झाडांचं छत्र, ३० सेंटिमीटरहून जास्त घेराची झाडं, बांधकाम आणि रात्रीचे दिवे लिहून ठेवा. तेव्हाची झाडी लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांत मिळेल. ३० मीटर बारकाव्याची चित्रं १९८० च्या दशकापासूनची आहेत आणि फुकट आहेत. हवामान विभागाच्या पावसाच्या आकड्यांची चौकट ०.२५ अंशाची, म्हणजे साधारण २७ किलोमीटर; त्यावरून वर्षांचा कल कळेल, उताराउतारातला फरक नाही.

नारद बुलबुलाला बागा आणि रानाच्या कडा मानवतात. तो माथ्यावर वाढलेला दिसला तर आधी हॉटेलांच्या बागा तपासा. निलगिरी पर्वतात गवताळ माळांवर वॅटल आणि युकॅलिप्टसची झाडं पसरली आणि निलगिरी पिपिट या माळावरच्या पक्ष्याची जागा गेली. त्यात थर्मामीटरचा संबंध नव्हता. कॅलिफोर्नियात जोसेफ ग्रिनेल या प्राणिशास्त्रज्ञाच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदींची फेरमोजणी झाली, तेव्हा पक्ष्यांच्या वावराच्या सरकलेल्या सीमांपैकी जेमतेम निम्म्याच वर गेलेल्या होत्या. पावसानेही पक्षी खाली ओढले होते.

नेरळवाट

आभार. मग एप्रिल-मे धरू का?

कड्यावरचा कस्तूर

वह्यांत जे महिने जास्त आहेत तेच धरा. मेमध्ये सिकाडांच्या किर्र आवाजात बारीक हाका बुडतात, आणि शीळकरी कस्तूर खरा गातो तो पाऊस सुरू झाल्यावर ओढ्याकाठी. मेमध्ये तो ‘घटला’ असं लिहून बसाल. वह्या डिसेंबरच्या असतील तर डिसेंबरातच मोजा आणि पर्णवटवट्यांसारखे हिवाळी पाहुणे वेगळ्या यादीत ठेवा.