शेजारच्या कंत्राटदाराचे काम आणि आपली जबाबदारी : इंटरफेसची सीमा नेमकी कुठे धरायची?

वायुवीजन_समन्वयक (प्रश्न)

एका मोठ्या भुयारी प्रकल्पात वायुवीजन यंत्रणेच्या कंत्राटाचा समन्वय माझ्याकडे आहे. स्थापत्य, वीजपुरवठा, अग्निसूचना आणि केंद्रीय नियंत्रण ही कामे नियोक्त्याने चार वेगवेगळ्या कंत्राटदारांना दिली असून आमचा त्यांच्यापैकी कोणाशीही थेट करार नाही. आमच्या करारात मात्र एक वाक्य आहे, ज्याचा आशय असा की इतर कंत्राटदारांसोबतच्या सर्व इंटरफेसच्या, म्हणजे दोघांची कामे जिथे एकमेकांना जोडली जातात त्या ठिकाणांच्या, समन्वयाची जबाबदारी कंत्राटदाराची राहील.

सध्या दोन मुद्दे अडले आहेत. पंख्यांच्या खोलीतील भिंतीत ठेवलेली तयार उघडी जागा आमच्या डँपरच्या (हवेची वाट उघडबंद करणाऱ्या झडपेच्या) चौकटीपेक्षा लहान निघाली आहे आणि ती तोडून वाढवण्याचा खर्च कोणी सोसायचा, यावर पत्रव्यवहार चालू आहे. दुसरा मुद्दा असा की आग लागल्याची सूचना मिळताच पंखे धूर बाहेर फेकण्याच्या स्थितीत गेले पाहिजेत, परंतु अग्निसूचना पॅनेलपासून आमच्या पॅनेलपर्यंतची केबल कोणाच्याच कार्यव्याप्तीत लिहिलेली नाही. दोन्ही बाबतींत नियोक्त्याच्या प्रतिनिधीने वरील वाक्याकडे बोट दाखवले आहे.

ज्यांना आदेश देण्याचा आम्हाला अधिकारच नाही, त्यांच्या कामाची जबाबदारी आमच्यावर कितपत येऊ शकते? आणि आमच्या बाजूने नेमके काय केले म्हणजे आम्ही आमचे कर्तव्य पार पाडले असे म्हणता येईल?

करार_वाचक

सर्वप्रथम दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. समन्वय साधणे हे एक कर्तव्य आहे आणि दुसऱ्याने आपले काम वेळेवर व योग्य करावे याची हमी देणे ही पूर्णपणे निराळी बाब आहे. आपण उद्धृत केलेल्या वाक्यातून पहिली गोष्ट निघते. दुसरी काढायची असेल तर करारात तसे स्पष्ट लिहिलेले असावे लागते, आणि अशी हमी आपल्याकडून घ्यायची तर त्या कंत्राटदारांना सूचना देण्याचा अधिकार किंवा त्या जोखमीची किंमत आपल्याला मिळालेली असणे अपेक्षित असते.

आपला करार कोणत्या नमुन्यावर बेतलेला आहे हे आपण लिहिलेले नाही. फिडिक, म्हणजे सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या प्रमाणित करारनमुन्यांच्या 1999 च्या आवृत्तीत सहकार्याचे कलम 4.6 आहे. त्यानुसार नियोक्त्याचे इतर कंत्राटदार आणि सार्वजनिक प्राधिकरणे यांना काम करण्याची योग्य संधी देणे कंत्राटदाराला बंधनकारक असते आणि अशी संधी देण्याच्या सूचनेमुळे आधी अंदाज करता न येणारा खर्च झाला तर तेवढ्यापुरती ती सूचना कामातील बदल मानली जाते. फिडिकच्या ज्या नमुन्यात, म्हणजे पिवळ्या पुस्तकात, संकल्पन कंत्राटदाराकडे असते, त्यात याच कलमात आणखी एक बंधन आहे : आपल्या कामाचा इतर कंत्राटदारांच्या कामाशी समन्वय कंत्राटदाराने नियोक्त्याच्या अपेक्षांमध्ये नमूद केले असेल तितक्याच मर्यादेपर्यंत साधायचा आहे. म्हणजे त्या अपेक्षांचा दस्तऐवज आणि त्याला जोडलेली इंटरफेसची परिशिष्टे ओळ न् ओळ वाचल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. नियोक्त्याच्या प्रतिनिधीने एका सर्वसाधारण वाक्याचा आधार घेतला असेल, तर त्या वाक्याचा तपशील कोणत्या परिशिष्टात आहे, हे त्यांना लेखी विचारावे.

मात्र याच कलमात आपल्या विरुद्ध जाऊ शकणारा एक भाग आहे, तोही तितक्याच गांभीर्याने वाचावा. कंत्राटदाराच्या कागदपत्रांच्या आधारे नियोक्त्याने एखादा पाया, बांधकाम, यंत्र किंवा प्रवेशमार्ग ताब्यात द्यायचा असेल, तर ती कागदपत्रे ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या रीतीने सादर करणे कंत्राटदाराचे काम असते. आपल्या भिंतीतील उघड्या जागेचा वाद इथेच येऊन थांबेल. डँपरचे माप आपण केव्हा दिले, कोणत्या आवृत्तीत दिले आणि ते अंतिम आहे असे त्यावर लिहिले होते का? या तीन प्रश्नांची उत्तरे आपल्या बाजूने असतील तर तोडफोडीचा खर्च आपला नाही. नसतील तर तो आपला ठरण्याची शक्यता मोठी आहे.

नियंत्रण_पॅनेल

मी दुसऱ्या मुद्द्याबद्दल लिहितो, कारण ती केबल कोणाची हा त्या इंटरफेसमधला सर्वांत सोपा प्रश्न आहे आणि खरे धोके त्याच्या पुढे आहेत.

समजा, केबल आपण टाकली. अग्निसूचनेच्या पॅनेलमधून येणारा संकेत नुसता कोरडा संपर्क (स्वतःचा विद्युतदाब नसलेला, फक्त उघडबंद होणारा स्विच) आहे, की 24 व्होल्टचा पुरवठा घेऊन येणारा संकेत आहे? दोन्ही बाजूंनी कोरडा संपर्क गृहीत धरला तर संकेतासाठीचा विद्युतदाब कोणीच देणार नाही; दोन्ही बाजूंनी पुरवठा दिला तर इनपुट कार्ड जळू शकते. संपर्क सामान्य स्थितीत बंद ठेवायचा की उघडा, हा त्यापुढचा प्रश्न. सामान्य स्थितीत बंद ठेवला तर केबल तुटताच आपल्या पॅनेलला आग लागल्याचा संकेत मिळेल आणि पंखे विनाकारण धुराच्या स्थितीत जातील. उघडा ठेवला तर केबल तुटल्याचे कोणाला कळणारच नाही आणि खऱ्या आगीच्या वेळी पंखे जागचे हलणार नाहीत. म्हणून अशा ठिकाणी शेवटच्या टोकाला आणि संपर्कासोबत असे वेगवेगळे रोधक बसवून वाहिनीवर सतत देखरेख ठेवतात, ज्यायोगे तुटलेली केबल, शॉर्ट झालेली केबल आणि खरा संकेत या तिन्ही स्थिती वेगवेगळ्या ओळखता येतात. हे रोधक कोणत्या मूल्याचे आणि कोणाच्या पॅनेलमध्ये, हेही लिहूनच ठरवावे लागते. शिवाय एकाच संकेतावर सर्व पंखे एकाच दिशेने चालणार नसतात. आग कोणत्या विभागात आहे यावरून काही पंखे हवा आत घेतात आणि काही धूर बाहेर फेकतात, त्यामुळे विभागवार किती संकेत हवेत हे अग्निसुरक्षेच्या आराखड्यावरून निश्चित व्हावे लागते. संकेत मिळाल्यानंतर केंद्रीय नियंत्रण कक्षातून दिलेली आज्ञा वरचढ की अग्निसूचनेची, हा प्राधान्यक्रमही त्याच कागदावर हवा.

यातली एकही गोष्ट आपण एकट्याने ठरवू शकत नाही, आणि अग्निसूचना कंत्राटदारही ठरवू शकत नाही. तरीही हे प्रश्न विचारण्याचे कर्तव्य आपले आहे, कारण आपल्या पंख्याला काय लागते हे सर्वांत आधी आपल्यालाच कळते. माझ्या मते इंटरफेसबाबत कंत्राटदाराची जबाबदारी हीच आहे : आपल्याला काय हवे ते वेळेत आणि नेमकेपणाने सांगणे, समोरच्याने दिलेली माहिती न तपासता न स्वीकारणे, आणि उत्तर आले नाही तर ते का आले नाही याचा पाठपुरावा सोडून न देणे.

कागदाबद्दल एक सूचना. इंटरफेस मॅट्रिक्समध्ये (कोणाचे काम कोणाशी जोडलेले आहे ते दाखवणाऱ्या तक्त्यात) 'वायुवीजन – अग्निसूचना' अशी एक चौकट भरून काम होत नाही. प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र इंटरफेस पत्रक करावे आणि त्यात टर्मिनल ब्लॉकचा (केबलची टोके जोडण्याच्या पट्टीचा) क्रमांक येईपर्यंत तपशील उतरवावा. सीमारेषा 'पॅनेलपर्यंत' अशी लिहू नये, तर 'अमुक पॅनेलमधील अमुक टर्मिनलच्या येणाऱ्या बाजूपर्यंत' अशी लिहावी. केबलचा पुरवठा, ती टाकणे, ग्लँड (पॅनेलमध्ये शिरताना केबल घट्ट धरणारा भाग) बसवणे, टोकाची जोडणी आणि चाचणी या पाच बाबींपुढे प्रत्येकी एकाच पक्षाचे नाव असावे. 'संयुक्त' असा शब्द जिथे येतो तिथे ते काम शेवटी कोणीच करत नाही, त्यामुळे संयुक्त चाचणीलाही एक प्रमुख पक्ष नेमावा.

स्थापत्य_बाजू

भिंतीच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. करार_वाचक यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण त्यात एक भर घालणे आवश्यक वाटते. स्थापत्य कंत्राटदाराला यंत्रणांची मापे मिळतात त्या वेळी डँपर, पंखे वा पॅनेल यांची खरेदी बहुधा झालेलीच नसते. म्हणजे सुरुवातीचे माप प्राथमिकच असणार आणि ते बदलणार, हे सर्वांना ठाऊक असते. अशा वेळी माप बदलले यात दोष नाही. ते कोणत्या दिवसानंतर बदलता येणार नाही, हे ठरलेले नसणे हा दोष आहे. सळया बांधून साचा लागल्यानंतर आलेली सुधारित आवृत्ती आमच्या उपयोगाची नसते. म्हणून प्रत्येक इंटरफेसला माहिती गोठवण्याची तारीख हवी आणि ती तारीख स्थापत्याच्या काँक्रीटच्या वेळापत्रकावरून मागे मोजत आलेली हवी. ही तारीख मागणे यंत्रणा कंत्राटदाराचे काम, आणि आपल्या वेळापत्रकात ती दाखवणे स्थापत्य कंत्राटदाराचे काम.

दुसरे म्हणजे दोन्ही बाजूंनी कोणत्या संदर्भापासून मापे घेतली आहेत, हे पत्रकाच्या पहिल्या ओळीत लिहावे. ऱ्हाइन नदीवर जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांना जोडणाऱ्या लाउफेनबुर्गच्या पुलाचे उदाहरण अभियांत्रिकीत प्रसिद्ध आहे. दोन देशांच्या उंचीच्या संदर्भपातळ्या वेगळ्या असून त्यांच्यात 27 सेंटीमीटरचा फरक आहे, हे दोन्ही बाजूंना माहीत होते. दुरुस्तीही केली गेली, पण ती उलट्या चिन्हाने केली गेली, आणि 2003 मध्ये काम चालू असताना दोन बाजूंत 54 सेंटीमीटरचा फरक असल्याचे लक्षात आले. फरक ठाऊक असूनही चूक झाली, कारण दुरुस्तीची दिशा दोन्ही पक्षांनी एकत्र बसून पडताळली नाही. आपल्या भिंतीतील उघडी जागा तयार जमिनीच्या पातळीपासून मोजली होती की काँक्रीटच्या पातळीपासून, हे तोडकामाला हात लावण्याआधी एकदा पाहावे. कदाचित जागा लहान नसेल, तर खाली सरकलेली असेल, आणि तसे असल्यास उपायही वेगळा निघेल.

वायुवीजन_समन्वयक

सर्वांचे आभार. तपासले असता असे दिसते की आमचे पहिले माप वेळेत गेले होते आणि त्यावर 'प्राथमिक' असे लिहिलेले होते. सुधारित माप काँक्रीट होण्याआधी गेले, पण ते बैठकीच्या इतिवृत्ताला जोडून गेले, स्वतंत्र पत्राने नाही. माहिती गोठवण्याची तारीख कोणीच ठरवलेली नव्हती. अग्निसूचनेबाबत आम्ही इंटरफेस पत्रक तयार करून दिले आहे, मात्र समोरचा कंत्राटदार ते आपल्या कार्यव्याप्तीत नसल्याचे सांगून सही करण्यास नकार देतो. अशा वेळी आम्ही थांबावे की आमच्या गृहीतकावर काम पुढे न्यावे?

करार_वाचक

थांबू नये आणि मूकपणे पुढेही जाऊ नये. सही न झालेले पत्रक अभियंत्याकडे किंवा नियोक्त्याच्या प्रतिनिधीकडे स्वतंत्र पत्राने पाठवावे. त्या पत्रात तीन गोष्टी असाव्यात : आपले गृहीतक काय आहे, त्यावर कोणत्या तारखेपर्यंत निर्णय हवा, आणि निर्णय न आल्यास आपल्या वेळापत्रकातील कोणते काम किती लांबेल. दोन कंत्राटदारांना बांधील असा निर्णय केवळ ज्याचा दोघांशी करार आहे तोच देऊ शकतो, आणि तो देण्याची वेळ त्याच्यावर लेखी आणणे हा आपल्या समन्वयाच्या कर्तव्याचाच भाग आहे. त्या केबलचे काम आपल्याला करण्यास सांगितले, तर ती सूचना बदल म्हणून नोंदवून घ्यावी.

दाव्याची सूचना देण्याच्या मुदतीकडे दुर्लक्ष करू नये. फिडिकच्या 1999 च्या आवृत्तीत कलम 20.1 प्रमाणे दाव्यास कारणीभूत घटना कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, 28 दिवसांत सूचना द्यावी लागते आणि ती न दिल्यास मुदतवाढ व रक्कम या दोन्हींवरील हक्क जातो. 2017 च्या आवृत्तीतही 28 दिवसांची मुदत कायम आहे. आपला करार एनईसी4 या ब्रिटिश प्रमाणित करारनमुन्यावर आधारलेला असेल, तर मार्ग थोडा वेगळा आहे. तिथे स्वीकृत वेळापत्रकात इतर पक्षांच्या कामाचा क्रम व वेळ दाखवलेली असते आणि ते पक्ष त्या वेळेत काम करत नसतील तर ती भरपाईयोग्य घटना ठरते. त्यामुळे शेजाऱ्यांच्या कामाच्या तारखा आपल्या वेळापत्रकात न दाखवणारा कंत्राटदार स्वतःच्याच हक्काचा आधार गमावून बसतो.

भिंतीच्या बाबतीत इतिवृत्ताला जोडलेले माप अगदीच निरुपयोगी नाही. ते इतिवृत्त कोणाकोणाला गेले आणि त्यावर कोणी हरकत घेतली का, हे शोधावे. तारीख ठरवण्यात दोन्ही बाजू कमी पडल्या असतील, तर खर्चाची वाटणी हा वास्तववादी शेवट असू शकतो, आणि तशी तयारी ठेवूनच चर्चेला बसावे.

नियंत्रण_पॅनेल

केबलचा निर्णय होईल तेव्हा संयुक्त चाचणीची पद्धतही त्याच पत्रकात आणून घ्या. आपापल्या टर्मिनलवर संकेत बनावट पद्धतीने देऊन घेतलेल्या दोन स्वतंत्र चाचण्या पुरेशा नाहीत. प्रत्यक्ष सूचकाला धूर देऊन त्या विभागाचा पंखा योग्य दिशेने फिरतो का, डँपर पूर्ण उघडतो का आणि ठरलेल्या वेळेत हे सर्व होते का, हे एकाच वेळी पाहावे. त्यानंतर केबल मुद्दाम सोडवून दोष योग्य रीतीने दाखवला जातो का, तेही तपासावे. या चाचणीला नियोक्त्याचा प्रतिनिधी उपस्थित असावा आणि नोंदपत्रकावर तिन्ही पक्षांच्या सह्या असाव्यात.